शाळकरी खेळाडूच्या डोक्याला मार लागल्यानंतर: सांगली-सातारा भागातील पालकांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

सांगली आणि सातारा जिल्ह्यांतली मुले जे खेळ जीव लावून खेळतात, त्यांत कुस्ती आणि कबड्डी हे अंगाला अंग भिडणारे दोन खेळ वरच्या क्रमांकावर आहेत. जोडीला खो-खो, फुटबॉल आणि सीझन बॉलचे क्रिकेट आहेच. गुडघा फुटला, बोट मुरगळले, खांदा निखळला, तर काय करायचे हे प्रत्येक क्रीडाशिक्षकाला आणि बहुतेक पालकांना ठाऊक असते. डोक्याला बसलेल्या मुक्या माराचे मात्र तसे नाही. रक्त येत नाही, सूज दिसत नाही, मूल चालते-बोलते असते, आणि म्हणून आजूबाजूचे सगळे 'काही नाही झालं, तोंडावर पाणी मार' असे म्हणून मोकळे होतात.

माझी मुलगी कबड्डी खेळते. शालेय स्पर्धेतल्या एका सामन्यात पकड करताना समोरच्या मुलीचा गुडघा तिच्या कानशिलावर बसला. ती बेशुद्ध पडली नाही, उलट पुढची चढाईही तिने केली. पण परतीच्या जीपमध्ये 'आई, आपण किती गुणांनी जिंकलो गं?' हा एकच प्रश्न तिने थोड्या थोड्या वेळाने तीनदा विचारला आणि तिन्ही वेळा उत्तर ऐकून तिला नव्याने आनंद झाला. डॉक्टरांनी त्याला कन्कशन म्हटले. डोक्याला, किंवा कधी कधी मानेला वा अंगाला बसलेल्या धक्क्यानेही, मेंदू कवटीच्या आत हादरतो आणि काही काळ त्याचे काम विस्कळीत होते, असे त्याचे स्वरूप आहे.

त्यानंतर घरी, शाळेत आणि मैदानावर कोणत्या क्रमाने काय करायचे हे आम्हाला तुकड्यातुकड्यांनी कळत गेले. ते सलग एका जागी मिळावे म्हणून हा लेख लिहिला आहे. मी डॉक्टर नाही. यातला वैद्यकीय भाग उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी समजावलेला आहे, आणि खेळातल्या कन्कशनविषयी २०२२ साली ॲम्स्टरडॅम येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २०२३ मध्ये ज्या सूचना प्रसिद्ध केल्या, त्यांच्याशी तो ताडून पाहिलेला आहे. मूल पुन्हा खेळायला तयार आहे की नाही, हे मुलाच्या उत्साहावरून, संघाच्या गरजेवरून किंवा नुसत्या सीटी स्कॅनच्या रिपोर्टवरून ठरत नाही. ते लक्षणांवरून आणि डॉक्टरांच्या तपासणीवरून ठरते, आणि लक्षणांवर नजर ठेवण्याचे काम आपल्याशिवाय दुसरे कोणी करणार नाही, एवढे आधीच मनाशी पक्के करावे.

१. संशय आला की त्या दिवसाचा खेळ संपला

मार बसल्यानंतर मूल गोंधळलेले दिसले, नजर हरवल्यासारखी वाटली, उठताना झोक गेला, साध्या प्रश्नाला उत्तर द्यायला वेळ लागला, किंवा त्याने डोके दुखते, मळमळते, गरगरते, धूसर दिसते, उजेड सहन होत नाही, 'डोकं जड झालंय' यांपैकी काहीही सांगितले, तर त्याला मैदानाबाहेर काढावे. खात्री पटण्याची वाट पाहू नये. संशय पुरेसा आहे.

जरा मोठ्या, म्हणजे बारा-तेरा वर्षांच्या पुढच्या मुलाला खेळाविषयीचे प्रश्न विचारावेत, कारण स्वतःचे नाव आणि गाव कन्कशन झालेले मूलही अचूक सांगते. आपण कोणत्या मैदानावर आहोत? पहिला हाफ चालू आहे की दुसरा? शेवटचा गुण कोणी घेतला? याआधीचा सामना कोणाशी झाला? तो आपण जिंकलो का? यांतले एखादे उत्तर चुकले किंवा अडखळले, तर पुढे विचार करण्यासारखे काही उरत नाही. सगळी उत्तरे बरोबर आली म्हणून मात्र मुलाला परत आत पाठवू नये.

येथे पालक आणि प्रशिक्षक दोघेही ज्या समजुतीवर विसंबतात ती अशी, की बेशुद्ध पडला नाही म्हणजे मेंदूला काही झाले नाही. प्रत्यक्षात बहुतेक कन्कशनमध्ये शुद्ध हरपतच नाही. दुसरी अडचण म्हणजे लक्षणे लगेच दिसतीलच असे नाही. काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनीही ती वर येतात. म्हणून दहा मिनिटांत मूल टवटवीत झाले, तरी त्या दिवशी त्याला पुन्हा उतरवू नये. सावरत असलेल्या मेंदूला दुसरा मार बसला, तर बरे व्हायला लागणारा काळ लांबतो, आणि क्वचित प्रसंगी, विशेषतः किशोरवयीन मुलांत, मेंदूला सूज येऊन जिवावर बेतते.

मैदानावरच्या घरगुती उपचारांबद्दल स्पष्ट लिहावे तेवढे थोडे आहे. कांदा हुंगवणे, तोंडावर पाण्याचे सपकारे मारणे यांनी लक्षणे ओळखायला उशीर होतो, एवढेच नुकसान. पण डोक्याला जोरात तेल चोळणे आणि 'मान मोकळी करून देतो' म्हणून ती कडकन वळवणे हे धोक्याचे आहे, कारण ज्या धक्क्याने डोके हादरले त्याच धक्क्याने मानेलाही इजा झालेली असू शकते. तालमीतल्या कितीही अनुभवी माणसाने आग्रह केला, तरी मानेला हात लावू देऊ नये.

लक्षणांवर दुसरीच कारणे चिकटवण्याचीही सवय असते. मुलीला गरगरले तर 'उपाशी असेल', 'पाळी आली असेल'. पैलवानाला गरगरले तर 'वजनात बसायला पाणी तोडलं होतं, त्यामुळे झालं'. यांतले काही खरेही असेल, पण डोक्याला मार बसल्याचे कोणी पाहिलेले असेल, तर ते कन्कशन समजूनच पुढे जावे.

२. धोक्याची लक्षणे: यांपैकी एकही दिसले तर थांबू नका

पुढील लक्षणे मेंदूत रक्तस्राव, कवटीचा भंग किंवा मणक्याची इजा यांकडे बोट दाखवतात. ती मैदानावर दिसोत, प्रवासात दिसोत किंवा रात्री घरी दिसोत, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे.

- शुद्ध हरपणे, किंवा जागे असलेले मूल हळूहळू सुस्त होत जाणे आणि हलवूनही नीट न उठणे
- झटके येणे
- पुन्हा पुन्हा उलटी होणे
- डोकेदुखी वाढत जाऊन असह्य होणे
- एकाच्या दोन वस्तू दिसणे, किंवा दोन डोळ्यांच्या बाहुल्यांचा आकार वेगळा दिसणे
- हातापायांत अशक्तपणा, मुंग्या किंवा बधिरपणा
- मान दुखणे किंवा दाबल्यावर कळ येणे
- बोलणे अडखळणे, माणसे न ओळखणे, एरवी शांत असलेल्या मुलाने अंगावर येणे
- नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा द्राव अथवा रक्त येणे, कानामागे किंवा डोळ्यांभोवती काळेनिळे होणे

मानेबद्दलची एक गोष्ट कुस्तीच्या घरांनी विशेष लक्षात ठेवावी. ढाक किंवा धोबीपछाड या डावांत मूल डोक्यावर आपटले आणि मान दुखते किंवा हातापायांत मुंग्या येतात असे म्हणाले, तर त्याला उचलू नये, बसवू नये, पाणी पाजण्यासाठी डोके वर करू नये. जत्रेच्या मैदानात चार जण धावत येतात आणि पैलवानाला खांद्यावर घेऊन हौद्याबाहेर नेतात. भावना चांगली असली, तरी त्यांना तेथेच थांबवावे. एकाने गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी डोके आहे त्याच स्थितीत स्थिर धरावे आणि रुग्णवाहिकेची वाट पाहावी. श्वास थांबला असेल किंवा उलटीने घुसमटत असेल, तरच हलवावे, आणि तेही डोके, मान व पाठ एका रेषेत ठेवून: घुसमटत असेल तर कुशीवर, श्वास थांबला असेल तर छातीवर दाब देण्यासाठी पाठीवर.

३. रुग्णालयात: कोठे जायचे आणि काय सांगायचे

धोक्याचे लक्षण नसले, तरी डॉक्टरांची तपासणी त्याच दिवशी करून घ्यावी. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा नेहमीच्या डॉक्टरांकडे पहिली तपासणी होऊ शकते. ती महत्त्वाची असते, कारण पुढे तब्येत बदलली, तर आधी काय होते हे त्या कागदावरून कळते. स्कॅन आणि मेंदूविकारतज्ज्ञ यांची गरज पडली, तर या भागातली वाट बहुधा मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाकडे, सांगलीच्या पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालयाकडे, साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयाकडे किंवा कराडच्या कृष्णा रुग्णालयाकडे जाते. शिवाय या चारही शहरांत खासगी रुग्णालये आहेत.

जत, आटपाडी, माण, खटाव, पाटण या तालुक्यांतल्या आतल्या गावांत राहणाऱ्यांनी एक वेगळा विचार करावा. डॉक्टरांनी घरी जायला सांगितले, तरी पहिली रात्र शहरातल्या पाहुण्यांकडे काढता आली तर काढावी. रात्री दोन वाजता उलट्या सुरू झाल्यावर वाडीवरून गाडी शोधण्यापेक्षा ते कितीतरी बरे.

डॉक्टरांना पुढील माहिती द्यावी, आणि ती शक्य तर प्रत्यक्ष पाहणाऱ्याने द्यावी: मार किती वाजता आणि कशाने बसला, म्हणजे गुडघा, जमीन, चेंडू की दुसऱ्याचे डोके, शुद्ध हरपली का, आणि किती वेळ, मार बसण्याच्या आधीचे व नंतरचे काय आठवत नाही, उलट्या किती झाल्या, यापूर्वी डोक्याला कधी लागले होते का, मायग्रेन, फिट्स किंवा रक्त न थांबण्याचा आजार आहे का, आणि कोणती औषधे चालू आहेत. हल्ली बहुतेक सामन्यांचे कोणी ना कोणी मोबाइलवर चित्रण करतच असतो. ते मागून घ्यावे, कारण 'जोरात लागलं' या शब्दांपेक्षा दहा सेकंदांची क्लिप डॉक्टरांना अधिक सांगते.

येथे एक खोटे बोलण्याचा मोह होतो. डोक्याची इजा अपघातातली म्हणून रुग्णालय एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची) नोंद करू शकते आणि मग पोलीस जबाब घ्यायला येतात. तो त्रास टाळण्यासाठी आणि शाळेचे किंवा तालमीचे नाव यायला नको म्हणून 'घरात पाय घसरून पडला' असे सांगा, असा सल्ला कोणीतरी देतोच. तसे करू नये. घरात घसरून पडणे आणि वेगात असताना दुसऱ्या खेळाडूचा गुडघा बसणे यांतला फरक डॉक्टरांच्या निर्णयाला लागतो. जबाबात खेळताना लागले असे सरळ सांगावे. तक्रार नसेल तर तसेही सांगता येते.

सीटी स्कॅनविषयी दोन टोकांच्या अपेक्षा असतात. काही पालक तो केल्याशिवाय उठत नाहीत. पण लहान वयात किरणोत्सर्ग विनाकारण देऊ नये म्हणून डॉक्टर लक्षणे पाहून ठरवतात, आणि मधल्या स्थितीतल्या मुलाला चार ते सहा तास निरीक्षणाखाली ठेवणे हा मान्य मार्ग आहे. डॉक्टर स्कॅनला नाही म्हणाले म्हणजे त्यांनी हलगर्जी केली असे नव्हे. दुसऱ्या टोकाला 'सीटी नॉर्मल आला' हे वाक्य आहे, आणि माझ्या मते सर्वांत जास्त घोटाळा तेच करते. सीटीत रक्तस्राव आणि हाडाचा भंग दिसतो. कन्कशन दिसत नाही. नॉर्मल रिपोर्टचा अर्थ तातडीच्या शस्त्रक्रियेसारखे काही आढळले नाही, एवढाच. तो रिपोर्ट व्हॉट्सॲपवर प्रशिक्षकांना पाठवला की 'मग सोमवारपासून सरावाला पाठवा' असे उत्तर येते, म्हणून नुसता रिपोर्ट पाठवू नये. डॉक्टरांनी दिलेला विश्रांतीचा सल्ला सोबत पाठवावा.

४. सोबत न्यायची आणि जपून ठेवायची कागदपत्रे

- मुलाचे आधार कार्ड आणि घरातल्या एकाचे ओळखपत्र
- रेशन कार्ड (भरती व्हावे लागले, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावे)
- आधीच्या आजारांचे कागद, चालू औषधांच्या चिठ्ठ्या, चष्म्याचा नंबर
- केस पेपर, डिस्चार्ज कार्ड, स्कॅन झाला असल्यास रिपोर्ट आणि फिल्म किंवा सीडी. निघण्यापूर्वी सगळ्यांचे मोबाइलवर फोटो काढावेत
- डॉक्टरांच्या सहीशिक्क्याची चिठ्ठी, जिच्यावर खेळ बंद आणि शाळेत सवलत या दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहिलेल्या असतील
- शंभर पानी वही

शेवटची वस्तू सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी आहे. तिच्याविषयी सहाव्या टप्प्यात लिहिले आहे.

५. पहिली रात्र

डोक्याला लागलेल्याला झोपू देऊ नये, ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. डॉक्टरांनी तपासून घरी पाठवले असेल आणि त्यांनी वेगळी सूचना दिली नसेल, तर मुलाला झोपू द्यावे. झोपेने मेंदू सावरतो. दर तासाला हलवून उठवून नाव विचारत बसण्याने मूल थकते आणि सकाळी डोकेदुखी वाढते. मात्र पहिले काही तास त्याला एकटे सोडू नये, रात्री मोठ्या माणसाने त्याच खोलीत झोपावे, श्वास नेहमीसारखा आहे आणि कूस बदलली जाते आहे हे पाहावे. श्वास विचित्र वाटला किंवा उठवल्यावर मूल नीट जागे झाले नाही, तर तो दुसऱ्या टप्प्यातला प्रसंग आहे.

वेदनेसाठी पॅरासिटामॉल, वजनानुसार डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत द्यावे. ॲस्पिरिन देऊ नये. आयबुप्रोफेनही पहिल्या दोन दिवसांत डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये, कारण या औषधांनी रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. आणि घरातल्या डब्यात हमखास सापडणाऱ्या कॉम्बिफ्लामच्या गोळीत पॅरासिटामॉलबरोबर आयबुप्रोफेनही असते, हे लक्षात ठेवावे. झोप आणणारी औषधे आणि सर्दी-खोकल्याची गुंगी आणणारी सिरप टाळावीत, कारण गुंगी औषधाची की डोक्याची हे मग कळत नाही.

६. पहिले दोन दिवस आणि वही

पूर्वी अंधाऱ्या खोलीत आठ-पंधरा दिवस पडून राहायला सांगत. आता तसे सांगत नाहीत. पहिले २४ ते ४८ तास सापेक्ष विश्रांती, म्हणजे घरातल्या घरात वावर, अंगणात थोडे चालणे, गप्पा, जेवणखाण सगळे चालते. अभ्यास, धावपळ, सायकल आणि स्कूटी बंद. मोबाइल आणि टीव्ही या दोन दिवसांत अगदी कमी ठेवावा. खेळ बंद, शाळा बंद आणि मोबाइलही बंद, अशा अवस्थेत चौदा-पंधरा वर्षांचे मूल चिडणार हे गृहीत धरावे. चिडचिड आणि रडू येणे हे लक्षणही असते, म्हणून ओरडून उपयोग नाही.

वहीत सकाळ-संध्याकाळ डोकेदुखी, चक्कर, मळमळ, उजेड-आवाजाचा त्रास, झोप आणि मनःस्थिती यांना ० ते १० असे आकडे मुलाला विचारून लिहावेत, आणि त्या वेळी काय केले तेही लिहावे. नमुन्यादाखल दोन नोंदी:

'सकाळी ९. डोकेदुखी ३, मळमळ ०, उजेड २. वीस मिनिटे अंगणात चालली. डोकेदुखी ४ झाली, अर्ध्या तासात पुन्हा ३.'

'संध्याकाळी ६. मैत्रिणीशी व्हिडिओ कॉल. डोकेदुखी ६. फोन बंद केला. जेवायला बसली तेव्हाही ५.'

नियम असा, की एखाद्या कामाने त्रास दोन आकड्यांपेक्षा जास्त वाढला नाही आणि तासाभरात पूर्ववत झाला, तर ते काम चालते. त्यापेक्षा जास्त वाढला किंवा जास्त वेळ टिकला, तर ते थांबवून दुसऱ्या दिवशी कमी प्रमाणात करून पाहावे. वरच्या नोंदींतले चालणे चालू ठेवायचे, व्हिडिओ कॉल बंद. डॉक्टरांपुढे पाच मिनिटांत सगळे आठवून सांगणे जमत नाही. वही पुढे केली की काम होते. शिवाय 'मला काहीच होत नाही, तूच उगाच' असे म्हणणाऱ्या मुलाला त्याच्याच तोंडचे आकडे दाखवता येतात.

७. आधी शाळा, मग मैदान

मुलांच्या बाबतीत क्रम ठरलेला आहे: पूर्ण वेळ शाळा आणि अभ्यास त्रासाशिवाय जमू लागल्याखेरीज पूर्ण खेळाकडे वळायचे नाही. व्यवहारात आपल्याकडे नेमके उलटे होते. मूल डोकेदुखी म्हणून वर्गात बसत नाही, पण संध्याकाळी मैदानावर हजर असते, आणि ते कोणाला खटकत नाही.

घरी पंधरा-वीस मिनिटांचे वाचन जमले, की घरचा थोडा अभ्यास. तो जमला, की अर्धा दिवस शाळा. मग पूर्ण दिवस. संध्याकाळचे क्लास सर्वांत शेवटी सुरू करावेत. मुख्याध्यापकांना डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत जोडून अर्ज द्यावा आणि सवलती मोघम न मागता नेमक्या मागाव्यात: खिडकीच्या उजेडापासून दूरचा बाक, तासाभरानंतर दहा मिनिटे शांत जागी बसण्याची मुभा, फळ्यावरचे उतरवून घेण्याऐवजी वहीची झेरॉक्स, घटक चाचणीला जास्त वेळ किंवा पुढची तारीख, आणि शारीरिक शिक्षणाच्या तासाला पूर्ण सूट. 'सूट म्हणजे ग्राउंडवर नुसतं उभं राहा' असा अर्थ काही ठिकाणी काढला जातो. उन्हात उभे राहण्यापेक्षा ग्रंथालयात बसू द्यावे, असे अर्जातच लिहावे. एसटीचा धक्क्याधक्क्यांचा प्रवास करून येणाऱ्या मुलाला वर्गात बसेपर्यंतच डोकेदुखी सुरू होते, म्हणून पहिल्या आठवड्यात सोडणे-आणणे स्वतः जमवता आले तर पाहावे.

८. मैदानावर परतण्याच्या सहा पायऱ्या

प्रत्येक पायरीला किमान २४ तास द्यायचे असतात. पहिल्या तीन पायऱ्यांत त्रास दोन आकड्यांपेक्षा जास्त वाढला, तर थांबून दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करायचा. चौथीपासून पुढे लक्षण परत आले, तर तिसऱ्या पायरीवर यायचे.

पहिली पायरी रोजच्या हालचालींची. दुसरी पायरी चालणे किंवा जागेवरची सायकल. आधी हलका वेग, मग मध्यम. हलका म्हणजे कमाल नाडीच्या सुमारे ५५ टक्के आणि मध्यम म्हणजे सुमारे ७० टक्के. कमाल नाडी २२० मधून वय वजा करून काढतात. चौदा वर्षांच्या मुलासाठी ती २०६ येते. म्हणजे हलक्या व्यायामात मिनिटाला ११३ आणि मध्यम व्यायामात १४४ ठोके. मनगटावर बोटे ठेवून १५ सेकंद मोजावे: २८ आणि ३६ हे दोन आकडे लक्षात ठेवले की काम भागते.

तिसरी पायरी एकट्याने करायच्या खेळाच्या हालचाली. कबड्डीत मोकळ्या मैदानावर पदन्यास, बोनस लाइनपर्यंत जाऊन परत येणे, दिशा बदलत धावणे. कुस्तीत शॅडो पद्धतीने पवित्रा आणि पट काढण्याची हालचाल. येथे डोके आपटण्याची शक्यता असलेले काहीच नको, म्हणून दोर चढणे, ब्रिज (डोक्यावर भार घेऊन कमान करणे) आणि कोलांट्या या पायरीत बसत नाहीत. जोर मारताना डोके सारखे खाली-वर होते. ते बैठकांच्या नंतर सुरू करावेत, हे माझे मत.

यापुढे जाण्यापूर्वी व्यायाम करतानाही कोणतेच लक्षण उरलेले नसावे, आणि डॉक्टरांची परवानगी हवी. चौथी पायरी जोडीदाराबरोबरचा, पण अंगाला अंग न भिडवता केलेला सराव: चेनचा, म्हणजे हात धरून उभ्या बचावपटूंच्या साखळीचा, समन्वय, फक्त स्पर्श करून थांबायच्या चढाया. पाचवी पायरी पूर्ण सराव, खऱ्या पकडी आणि मातीतली किंवा मॅटवरची जोड. सहावी पायरी सामना.

हिशेबाने हे सहा दिवसांत होईल असे वाटते, पण मुलांत तसे होत नाही. बहुतेक मुले चार आठवड्यांत बरी होतात. ब्रिटनमध्ये २०२३ साली हौशी खेळाडूंसाठी जाहीर झालेल्या सूचनांत तर विश्रांतीच्या अवस्थेत १४ दिवस लक्षणे नसल्याखेरीज भिडणारा सराव नाही आणि २१ दिवसांच्या आत स्पर्धा नाही, असे म्हटले आहे. आपल्याकडे असा बंधनकारक नियम शाळेत कोणी सांगत नसेल, तर पालकांनी तोच आपला नियम मानायला हरकत नाही.

९. सर, वस्ताद आणि फिटनेस प्रमाणपत्र

तालुक्यावरून जिल्ह्याला आणि जिल्ह्यावरून विभागाला निवड झालेली असते, दहावीच्या क्रीडा गुणांचा प्रश्न असतो, किंवा गावच्या जत्रेत जोड आधीच ठरलेली असते. अशा वेळी सर्व बाजूंनी दडपण येते. बहुतेक प्रशिक्षक वाईट नसतात, त्यांना माहिती नसते. म्हणून वाद घालण्यापेक्षा लेखी कळवावे. आम्ही पाठवला तसा मजकूर चालतो: 'सर, नमस्कार. सामन्यात डोक्याला मार बसल्यामुळे डॉक्टरांनी कन्कशनचे निदान केले आहे. त्यांची लेखी परवानगी मिळेपर्यंत ती खेळणार नाही. सरावाच्या वेळी गुण लिहायला किंवा पाहायला ती येऊ शकते. चिठ्ठी सोबत जोडली आहे.' शेवटून दुसरे वाक्य मुद्दाम घातले होते. संघापासून तुटल्यासारखे वाटले की मुले लक्षणे लपवू लागतात.

फिटनेस प्रमाणपत्र आधी ज्यांनी तपासले त्याच डॉक्टरांकडून घ्यावे. मुलाला न पाहता, नुसत्या नाव-वयावर सही करून देणारे लोक भेटतात, आणि तो कागद स्पर्धेच्या टेबलावर चालूनही जातो. हेल्मेट किंवा हेडगिअर घालून खेळव, असेही कोणी सुचवेल. त्याने कवटीचे आणि कानांचे रक्षण होते, पण आत मेंदू हादरणे थांबत नाही.

१०. चार आठवड्यांनंतरही त्रास असेल तर

चार आठवडे उलटूनही डोकेदुखी, चक्कर, एकाग्रता न होणे, झोप बिघडणे यांपैकी काही टिकून असेल, तर ती टाळाटाळ समजू नये आणि नुसती वाटही पाहू नये. मेंदूविकारतज्ज्ञांना वही दाखवावी. बऱ्याचदा त्रासाचा काही भाग मानेचा, तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचा किंवा डोळ्यांच्या समन्वयाचा असतो, आणि त्यासाठी फिजिओथेरपीचे वेगळे व्यायाम असतात. जागच्या जागी डोके वळवत नजर एका अक्षरावर स्थिर ठेवणे हा त्यांतलाच एक. मूल उदास, एकलकोंडे झाले असेल, तर समुपदेशन घ्यावे. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेची १४४१६ ही हेल्पलाइन त्यासाठी आहे.

दुसऱ्यांदा डोक्याला मार बसला, तर आधीच्या वेळेचा हिशेब लावू नये. कमी जोराच्या धक्क्याने जास्त त्रास झाला किंवा बरे व्हायला आधीपेक्षा जास्त दिवस लागले, तर पुढचा संपूर्ण हंगाम खेळायचे की नाही हे तज्ज्ञांशी बोलूनच ठरवावे. नवीन शाळेत, नव्या तालमीत किंवा क्रीडा प्रबोधिनीच्या निवड चाचणीला जाताना अर्जात पूर्वीच्या दुखापतींचा रकाना असेल, तर त्यात कन्कशनची तारीख लिहावी आणि डिस्चार्ज कार्डाची प्रत जोडावी. रकाना नसेल, तर तेथील प्रशिक्षकांना पहिल्याच भेटीत तोंडी सांगून ती प्रत त्यांच्याकडे द्यावी.